कीटकवक्षाच्या शरीररचनेचा अभ्यास : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कीटकाचे शरीर डोके, वक्ष व उदर अशा तीन भागांत विभागलेले असते, हे शालेय पाठ्यपुस्तकातूनच सर्वांना परिचित झालेले असते. यांपैकी वक्ष हा गतीचा भाग होय. अग्रवक्ष, मध्यवक्ष आणि पश्चवक्ष अशा तीन खंडांनी तो बनलेला असून प्रत्येक खंडावर पायांची एक जोडी असते. पंख असलेल्या कीटकांत मध्यवक्षावर व पश्चवक्षावर पंखांची प्रत्येकी एक जोडी असते. अग्रवक्षावर पंख नसतात. प्रत्येक खंडाचे बाह्य कवच पाठीकडील पृष्ठपट्ट, दोन्ही बाजूंचे पार्श्वपट्ट व पोटाकडील अधरपट्ट यांचे मिळून बनते. हे पट्ट पुन्हा लहान लहान कठीण तुकड्यांत विभागलेले असतात. त्यांना स्क्लेराइट ही संज्ञा आहे. कवचाच्या आतील बाजूस स्नायू जोडलेले असतात व त्यांच्या आकुंचनामुळे पाय आणि पंख हालतात.

वरवर पाहता ही केवळ तुकड्यांची यादी वाटते. तथापि या यादीमागे सुमारे साडेतीनशे वर्षांच्या संशोधनाचा इतिहास आहे. चतुराच्या, भुंगेऱ्याच्या आणि माशीच्या वक्षावरील तुकडे परस्परांहून इतके भिन्न दिसतात की, त्यांना एकच नाव देणे कितपत सयुक्तिक आहे, असा प्रश्न अभ्यासकांपुढे वारंवार उभा राहिला. नाव ही केवळ सोय आहे, की त्यामागे निसर्गातील खरे नाते आहे? वक्षाच्या अभ्यासाचा इतिहास हा या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास होय. प्रस्तुत लेखात या अभ्यासाचे प्रमुख टप्पे मांडले असून, तुकड्यांची नावे व त्यांचे कार्य यांचा विचार दीर्घकाळ वेगवेगळ्या वाटांनी झाला आणि या वाटा जेथे एकत्र आल्या तेथेच ज्ञानाची खरी प्रगती झाली, असे प्रतिपादन केले आहे.

आरंभीचे निरीक्षण

इसवी सनपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात कीटकांचे तीन भाग सांगितले होते : डोके, जठर असलेला भाग आणि या दोहोंमधील भाग. इतर प्राण्यांच्या छाती-पाठीशी त्याने या मधल्या भागाची तुलना केली. परंतु डोळ्यांना जेवढे दिसते तेवढ्यावरच हे वर्णन थांबले होते. आतील रचना पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची व बारीक विच्छेदनकौशल्याची आवश्यकता होती, आणि या दोन्ही गोष्टी सतराव्या शतकात उपलब्ध झाल्या.

१६६९ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी इटलीतील मार्चेल्लो माल्पीगी याचा रेशीमकिड्यावरील प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. शरीराच्या दोन्ही बाजूंस असलेली श्वासरंध्रे व त्यांतून आत पसरणाऱ्या श्वासनलिका यांचे वर्णन त्यात आढळते. कीटकांनाही अंतर्गत इंद्रियांची गुंतागुंतीची रचना असते, हे या प्रबंधाने दाखवून दिले. त्याच वर्षी हॉलंडमध्ये यान स्वामरडाम याचा कीटकांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अळी नाहीशी होऊन तिच्या जागी फुलपाखरू नव्याने निर्माण होते, हा समज त्याने खोडून काढला. पूर्ण वाढलेल्या अळीची त्वचा काळजीपूर्वक दूर केल्यास वक्षाच्या भागात त्वचेखाली भावी पंख घडी घातलेल्या स्थितीत आढळतात, हे त्याने प्रत्यक्ष विच्छेदन करून दाखविले. त्याचे विस्तृत लेखन त्याच्या मृत्यूनंतर सुमारे अर्ध्या शतकाने, १७३७-३८ मध्ये, प्रकाशात आले.

अठराव्या शतकात निरीक्षणाची सूक्ष्मता आणखी वाढली. हेग येथील पिएर ल्योने याने विलो वृक्षाचे लाकूड पोखरणाऱ्या एकाच अळीच्या शरीररचनेवर १७६० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील ताम्रपटांवरील चित्रे त्याने स्वतःच कोरली होती. त्या अळीत त्याने चार हजारांहून अधिक स्नायू मोजले. एका जातीचे इतके सखोल वर्णन पूर्वी कोणीही केले नव्हते. परंतु या वर्णनाचा दुसऱ्या जातीशी मेळ कसा घालावा, हे मात्र त्यातून कळत नव्हते.

वर्गीकरणाच्या क्षेत्रात याच काळात वेगळी वाट चालू होती. लिनिअस याने १७५८ मध्ये कीटकांचे सात गण केले ते मुख्यतः पंखांच्या आधारे. पंख ज्या भागावर असतात त्या वक्षाची रचना मात्र वर्गीकरणाचा पाया झाली नाही. पंख मोजले गेले. ते जेथे बसविलेले आहेत ती चौकट अभ्यासाबाहेर राहिली.

पॅरिस आणि ओदुआं

ही उणीव भरून निघाली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, पॅरिस येथे. तेथील निसर्गेतिहास संग्रहालयात त्या काळी शरीररचनेविषयी मूलभूत वाद चालू होता. जॉर्ज क्युव्हिए याच्या मते प्राण्याचा प्रत्येक अवयव त्याच्या कार्यासाठी घडलेला असतो व म्हणून कार्य हेच रचनेचे स्पष्टीकरण होय. एत्येन जोफ्र्वा सेंत-इलेर याचे मत नेमके उलट होते. सर्व प्राण्यांत रचनेचा एकच आराखडा असून अवयवांचे परस्परसापेक्ष स्थान बदलत नाही; कार्य मात्र बदलू शकते, असे त्याचे म्हणणे होते. कीटकाचे कवच आणि पृष्ठवंशी प्राण्यांचे मणके यांतही त्याने साम्य पाहिले. १८३० मध्ये या दोघांमधील वाद अकादमीत जाहीरपणे झडला.

या वादाच्या पूर्वीच त्याची कीटकांच्या क्षेत्रातील चाचणी सुरू झाली होती. १८१६ मध्ये साव्हिन्यी याने फुलपाखराची सोंड आणि चावून खाणाऱ्या कीटकांचे जबडे ही एकाच अवयवसंचाची भिन्न रूपे आहेत, असे दाखविले. मुखांगांच्या बाबतीत जे सिद्ध झाले तेच वक्षाच्या बाबतीतही खरे असेल काय, हा प्रश्न ज्यां व्हिक्टर ओदुआं (१७९७-१८४१) याने हाती घेतला. त्याचा वक्षावरील प्रबंध १८२४ मध्ये नव्यानेच सुरू झालेल्या 'आनाल दे सिआँस नात्युरेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी तो स्वतः एक होता. प्रसिद्धीच्या वेळी त्याचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

ओदुआंचा सिद्धान्त थोडक्यात असा सांगता येईल : सर्व कीटकांचा वक्ष सारख्याच तुकड्यांनी बनलेला असतो. एक तुकडा मोठा झाला की शेजारचा लहान होतो, क्वचित दोन तुकडे एकजीव होतात. परंतु त्यांचा क्रम व परस्परसंबंध टिकून राहतो. म्हणून जातीजातींतील भेद हा तुकड्यांच्या संख्येचा नसून त्यांच्या प्रमाणाचा आहे. या तत्त्वाच्या आधारे त्याने प्रत्येक तुकड्याला नाव दिले. पृष्ठपट्टाच्या भागांना प्रीस्क्युटम, स्क्युटम, स्क्युटेलम व पोस्टस्क्युटेलम आणि पार्श्वपट्टाच्या पुढील व मागील भागांना अनुक्रमे एपिस्टर्नम व एपिमेरॉन ही त्याने दिलेली नावे जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही कीटकशास्त्रात वापरली जातात.

या पद्धतीचे सामर्थ्य गांधीलमाशी व मुंगी यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. या कीटकांची बारीक कंबर पाहिली असता तिच्या पुढचा सर्व भाग वक्ष व मागचा सर्व भाग उदर असे कोणासही वाटेल. परंतु तुकडे क्रमाने मोजत गेल्यास कंबरेच्या पुढील भागात वक्षाच्या तीन खंडांखेरीज आणखी एक खंड सापडतो. तो उदराचा पहिला खंड असून वक्षाशी एकजीव झालेला असतो. म्हणजेच कंबर ही वक्ष आणि उदर यांच्यामध्ये नसून उदराच्याच पहिल्या व दुसऱ्या खंडांमध्ये असते. डोळ्यांना दिसणारी सीमा आणि रचनेची खरी सीमा एकच असतात असे नाही, हा धडा येथे मिळतो.

संज्ञांचा गोंधळ

ओदुआंने नावे दिली. परंतु ती सर्वांनी एकाच अर्थाने वापरली नाहीत. १८३० मध्येच इंग्लंडमधील मॅक्ले याला वक्षाच्या तुलनात्मक रचनेचे स्पष्टीकरण करताना तिच्या भागांच्या नामावलीची स्वतंत्र चिकित्सा करावी लागली. पुढील काळात भुंगेऱ्यांचे, माश्यांचे, पतंगांचे व मधमाश्यांचे अभ्यासक आपापल्या गटापुरती नावे रूढ करीत गेले. परिणामी एकाच तुकड्याला दोन गटांत दोन नावे मिळाली आणि काही वेळा एकच नाव दोन भिन्न तुकड्यांना लागले.

याचे कारण केवळ निष्काळजीपणा नव्हते. वर्गीकरण करणाऱ्याला जाती ओळखण्यापुरत्या खुणा हव्या असतात. माशीच्या वक्षावरील एखाद्या ठिपक्याचे वा केसाचे स्थान सांगता आले की त्याचे काम भागते. तो तुकडा झुरळाच्या कोणत्या तुकड्याशी नाते सांगतो, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. दुसरे कारण अधिक मूलभूत होते. कवचावरील एखादी रेघ ही दोन तुकड्यांमधील खरी सीमा आहे, की कवचाला बळकटी देण्यासाठी आत वळलेली घडी आहे, हे बाहेरून पाहून ठरविता येत नाही. त्यासाठी ती रेघ काय कार्य करते, हे पाहणे आवश्यक होते. नामकरणाचा प्रश्न अशा रीतीने कार्याच्या प्रश्नापाशी येऊन ठेपला.

यंत्र म्हणून वक्ष

कार्याचा अभ्यास वेगळ्या वाटेने चालू होता. इंग्लंडमधील विल्यम डेरहॅम याने अठराव्या शतकाच्या प्रारंभीच, माशीच्या मागील पंखांच्या जागी असलेले गदेसारखे दोन छोटे अवयव, म्हणजे संतोलक, काढून टाकल्यास तिचा तोल जातो, हे नोंदविले होते. ओदुआंच्याच काळात, १८२०-२२ मध्ये, शाब्रिए याने कीटकांच्या उड्डाणावर निबंध लिहिला, तर १८२८ मध्ये स्ट्राउस-डर्कहाइम याने हुमणीच्या कुळातील एका भुंगेऱ्याची कवच व स्नायू यांसह सविस्तर रचना मांडली.

१८६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील एत्येन-ज्यूल मारे याने पंखांची हालचाल प्रयोगाने टिपली. काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्याला पंखाचे टोक स्पर्श करील अशा रीतीने कीटक धरून त्याने पंखांच्या फडफडीची नोंद घेतली. घरमाशी सेकंदास ३३०, मधमाशी १९० आणि कोबीवरील पांढरे फुलपाखरू ९ वेळा पंख हालविते, असे त्याला आढळले. पंखाच्या टोकाला सोन्याचा वर्ख लावून ते टोक इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे फिरते, हेही त्याने दाखविले.

माशीचे मोठे उड्डाणस्नायू पंखांना थेट जोडलेलेच नसतात. ते वक्षाच्या कवचाला जोडलेले असतात. वरून खाली जाणारे स्नायू आकुंचन पावले की पृष्ठपट्ट खाली ओढला जातो व पंख वर जातात. लांबीच्या दिशेने असलेले स्नायू आकुंचन पावले की पृष्ठपट्ट कमानीसारखा वर उचलला जातो व पंख खाली येतात. पार्श्वपट्टाच्या वरच्या टोकावर पंख तरफेप्रमाणे टेकलेला असतो. म्हणजे ओदुआंने नाव दिलेले तुकडे हे या यंत्राचे छत, भिंती आणि टेकू आहेत.

एवढ्या वेगाने स्नायूंना आज्ञा कशी मिळते, हा प्रश्न पुढे उरला. काही सूक्ष्म माश्यांत फडफडीचा वेग सेकंदास हजाराहून अधिक असतो. इतक्या वेगाने मज्जातंतूंकडून प्रत्येक फडफडीसाठी स्वतंत्र संदेश येणे शक्य नाही. केंब्रिज येथील जे. डब्ल्यू. एस. प्रिंगल याने १९४९ मध्ये दाखविले की, माशीत मज्जासंदेशांची संख्या फडफडीच्या संख्येहून पुष्कळच कमी असते. एक स्नायू आकुंचन पावताना कवचाच्या द्वारे विरुद्ध स्नायूला ताणतो आणि तो ताणच त्या दुसऱ्या स्नायूला आकुंचनास प्रवृत्त करतो. संदेश केवळ ही क्रिया चालू ठेवतात. फडफडीचा वेग मात्र कवच, पंख व स्नायू यांच्या एकत्रित गुणधर्मांवरून ठरतो. कवच हा स्नायूंचा निष्क्रिय आधार नसून उड्डाणक्रियेचा सक्रिय घटक आहे, हे यावरून सिद्ध झाले.

स्नॉडग्रासचे कार्य

नाव व कार्य या दोन वाटा एकत्र आणण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील रॉबर्ट एव्हान्स स्नॉडग्रास (१८७५-१९६२) याच्याकडे जाते. तो शरीररचनाशास्त्रज्ञ होता तसाच कुशल चित्रकारही होता. १९०९ मध्ये त्याने वक्ष व पंखांचा सांधा यांवर पहिला मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. १९२७ मध्ये वक्षाची रचना व यंत्रणा यांवरील त्याचा दुसरा प्रबंध आला, आणि १९३५ मध्ये कीटकांच्या रचनाशास्त्रावरील त्याचा ग्रंथ प्रकाशित झाला. हा ग्रंथ अनेक पिढ्यांचे पाठ्यपुस्तक ठरला.

स्नॉडग्रासची पद्धत अशी होती की, कवचावरील प्रत्येक रेघेमागे आतील बाजूस काय आहे व तेथे कोणता स्नायू जोडला आहे, हे पाहिल्याशिवाय तिला महत्त्व द्यावयाचे नाही. एपिस्टर्नम व एपिमेरॉन यांना विभागणारी पार्श्वपट्टावरील उभी रेघ ही त्याच्या मते मुळात दोन तुकड्यांचा सांधा नव्हती. ती आत वळलेली कणा-सदृश घडी असून पंखाचा टेकू व पायाचा सांधा यांना जोडणारा खांब होती. ओदुआंची नावे त्याने टाकून दिली नाहीत; त्यांच्या अर्थाला यांत्रिक आधार दिला.

टोळ आणि उपयोजनाची प्रेरणा

वक्षाचा अभ्यास केवळ जिज्ञासेपोटी झाला असे म्हणता येणार नाही. वाळवंटी टोळांच्या झुंडी शेकडो किलोमीटर उडत जाऊन पिके फस्त करतात. हा कीटक इतका काळ कसा उडू शकतो, हे जाणण्यासाठी डेन्मार्कमधील ऑगस्ट क्रोग व टॉर्केल वाइस-फॉग यांनी उडत्या टोळाच्या ऊर्जाव्ययाचे मापन केले. ते १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९६० मध्ये वाइस-फॉग याने कीटकाच्या कवचात रबरासारख्या एका प्रथिनाचे वर्णन केले. रेझिलिन हे त्याचे नाव. टोळाच्या पंखाच्या सांध्यात ते आढळते. ताणले असता ते ऊर्जा साठविते आणि सुटताना तिचा फार मोठा हिस्सा परत देते. त्यामुळे प्रत्येक फडफडीच्या शेवटी पंख थांबवून उलट दिशेने नेण्याचा खर्च कमी होतो. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांत टोळधाड पोहोचली तेव्हा विदर्भातील शेतकऱ्यांनी जे अनुभवले, त्यामागे वक्षातील या सांध्याचाही वाटा होता.

पार्श्वपट्ट : शरीराची भिंत की पाय?

ओदुआंपासून अनुत्तरित राहिलेला एक प्रश्न अद्याप शिल्लक होता. पार्श्वपट्ट आला कोठून? १८९९ मध्ये जर्मनीतील रिचर्ड हायमन्स याने भ्रूणांच्या अभ्यासावरून असे सुचविले की, तो मुळात पायाचाच सर्वांत वरचा खंड असून कालांतराने शरीराच्या भिंतीत सामावला गेला. स्नॉडग्रासने या मताचा पुरस्कार केला. पंखांच्या उगमाबाबतही दोन पक्ष होते. एका पक्षाच्या मते पंख ही पृष्ठपट्टाची बाजूस झालेली वाढ होय, तर दुसऱ्या पक्षाच्या मते ते पायाशी संबंधित कल्ल्यासारख्या अवयवापासून निर्माण झाले. स्नॉडग्रास पहिल्या पक्षाचा होता.

या प्रश्नाला नवी दिशा मिळाली ती जनुकशास्त्रातून. १९१५ मध्ये कॅल्व्हिन ब्रिजेस याला फळमाशीत एक उत्परिवर्तन आढळले. त्यात पश्चवक्षाचा काही भाग मध्यवक्षासारखा होत होता. एडवर्ड लुईस याने या जनुकसमूहाचा अनेक दशके अभ्यास केला. काही उत्परिवर्तने एकत्र आणल्यावर संतोलकांच्या जागी पंख असलेली, चार पंखांची माशी निर्माण होते, हे त्याने दाखविले. त्याचा प्रमुख प्रबंध १९७८ मध्ये आला व १९९५ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकात सहभाग मिळाला. संतोलक व पंख ही एकाच अवयवाची दोन रूपे आहेत, ही रचनाशास्त्रज्ञांची जुनी धारणा येथे प्रयोगाने सिद्ध झाली.

१९९७ मध्ये अव्हेरॉफ व कोहेन यांनी कवचधारी जलचरांच्या पायांवरील कल्ल्यासारख्या भागात, कीटकांच्या पंखांत कार्यरत असलेली जनुके आढळल्याचे नोंदविले. २०२० मध्ये हेदर ब्रूस व निपम पटेल यांनी एका लहान कवचधारी प्राण्यात पायांच्या खंडांची जनुके एकेक करून निष्प्रभ केली व त्यांची तुलना कीटकांशी केली. त्यांच्या निष्कर्षानुसार पूर्वजांच्या पायांचे वरचे खंड कीटकांत शरीराच्या भिंतीत सामावले गेले आणि पंखही त्यांवरील पाळीपासून उद्भवले. हायमन्सच्या तर्काला यातून बळ मिळाले. पंखांच्या बाबतीत मात्र स्नॉडग्रासच्या मताची फेरमांडणी आवश्यक ठरली : पृष्ठपट्टाची कड म्हणून जी ओळखली जात होती, तीच मुळात पायाची असू शकते. अर्थात या विषयावरील चर्चा पूर्णतः संपलेली नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ल्योनेसारखे सूक्ष्म वर्णन एकट्याने पुरेसे ठरले नाही. ओदुआंने तुलनेचे तत्त्व दिल्यानंतरच त्या वर्णनाला भाषा मिळाली. दुसरी अशी की, केवळ नावेही पुरेशी ठरली नाहीत. स्नॉडग्रासने स्नायू व घडी यांच्या आधारे त्यांची तपासणी केली आणि प्रिंगलने कवचाचा कार्यातील सहभाग दाखविला, तेव्हा त्या नावांना अर्थ प्राप्त झाला. तिसरी बाब ही की, क्युव्हिए आणि जोफ्र्वा यांच्या वादात विजय कोणाचा झाला, या प्रश्नाला कीटकवक्षापुरते एकतर्फी उत्तर देता येत नाही. तुकड्यांचे नाते जोफ्र्वाच्या आराखड्याकडे निर्देश करते, तर त्यांचे आकार क्युव्हिएच्या कार्यतत्त्वाशिवाय समजत नाहीत.

हे कार्य अद्याप चालू आहे. २००८ मध्ये फ्रीडरिक व बॉयटेल यांनी वक्षाच्या स्नायूंसाठी नवी सामाईक नामावली सुचविली. २०१४ मध्ये उडत्या माशीच्या वक्षातील स्नायूंची हालचाल क्ष-किरणांच्या साहाय्याने त्रिमितीत टिपण्यात आली, तर २०२४ मध्ये फळमाशीच्या पंखाच्या सांध्यातील सूक्ष्म तुकडे पंखाचे नियंत्रण कसे करतात, याचा अभ्यास संगणकीय पद्धतीने प्रसिद्ध झाला. साधने बदलली, परंतु या तुकड्याला कोणते नाव द्यावे आणि तो काय करतो, हे दोन प्रश्न ओदुआंच्या काळी होते तेच आहेत. झुरळाच्या वक्षाची आकृती काढून तिच्या भागांना नावे देणाऱ्या विद्यार्थ्याने त्या नावांमागील हा प्रवास जाणून घेतल्यास, पाठांतराची वाटणारी ती यादी त्याला एका दीर्घ युक्तिवादाच्या रूपात दिसू लागेल.